पेपर टाकू नका

होंग माल्सुनच्या दारात तो तरुण उभा राहिला तेव्हा कुन्सान शहरात उकाड्याने जीव नकोसा झाला होता. समुद्राकडचा वारासुद्धा त्या दिवसांत भट्टीवरून आल्यासारखा यायचा. तरुणाच्या एका हातात वर्तमानपत्रांची चळत होती आणि दुसऱ्या हातात उभा पंखा, अजून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला. जिने चढून सदरा पाठीला चिकटला होता. माल्सुनने आधी त्याला सातूचा गार चहा दिला आणि मग काय काम म्हणून विचारलं. नवरा गेल्यापासून दार वाजवणारं कोणी आलं की तिला बरंच वाटायचं.

"आई, पेपर घ्या," तो म्हणाला. "पंखा आमच्याकडून भेट. पहिले काही महिने फुकट. पुढे नकोसा वाटला तर एक शब्द टाका, दुसऱ्या दिवशी बंद."

"मला काय करायचाय पेपर?"

"का? घरात वाचतं कोण?"

प्रश्न साधा होता. कोणी नाही, असं म्हणून तिला दार लावून घेता आलं असतं. पण आयुष्यभर जिथं दुखत आलं होतं, नेमका तिथंच तो लागला.

"मीच वाचते की," माल्सुन म्हणाली, आणि त्याने कागदावर जिथं बोट ठेवलं तिथं सहीऐवजी आपल्या नावाचा शिक्का उमटवून मोकळी झाली.

माल्सुनला अक्षरओळख नव्हती. चार मुलींवर पाचवीही मुलगीच झाली तेव्हा बापाने 'ही शेवटची' म्हणून तिचं नाव माल्सुन ठेवलं. शेवटच्या मुलीला शाळेत घालावं असं त्या घरात कोणाच्या मनातही आलं नाही. तिच्या मुलखात अडाण्याला टोमणा मारतात, 'विळा पुढ्यात ठेवला तरी पहिलं अक्षर ओळखत नाही,' कारण लिपीतलं पहिलं अक्षर असतं विळ्याच्या आकाराचं. विळा माल्सुनने पुष्कळ चालवला, अक्षर मात्र कोणी दाखवलं नाही. लग्न होऊन शहरात आली आणि बाजारात सुकी मासळी विकायला बसली. आकडे कळत, हिशेब तोंडी चाले. बाकीच्या गोष्टींसाठी तिच्याकडे युक्त्या होत्या. बसचा नंबर बघायचा, पाटी बघायची नाही. बँकेत जाताना उजव्या हाताला पट्टी गुंडाळायची आणि काउंटरवरच्या मुलीला म्हणायचं, "हात मुरगळलाय गं, तेवढं तू लिही." घरी पत्र आलं की नेमका चष्मा सापडायचा नाही. नवरा सगळं वाचून दाखवायचा आणि चारचौघांत त्याचा सुगावाही लागू द्यायचा नाही. आता तो नव्हता. मुलगा इंचॉनला नोकरीला. त्याला किती ठाऊक आहे हे तिने कधी विचारलं नाही, त्यानेही कधी विषय काढला नाही.

पेपर सुरू झाला आणि माल्सुनने तो कामाला लावला. गच्चीवर मिरच्या वाळत घालायला, खारवलेली कोबी निथळत ठेवायला, मासळीचे पुडे बांधायला. त्याआधी एकदा फोटो बघून घ्यायची. कुठं पूर आला, कुठं पूल कोसळला, एवढं कळायचं. पंखाही गुणाचा निघाला. फुकटचे महिने असे मजेत गेले.

मग वसुलीला मा गिल्सू आला. पेपरच्या स्थानिक शाखेचा तो मालक. पन्नाशीचा, खांदे पडलेला, बोलायला मऊ. माल्सुनने एकदा पैसे दिले, दोनदा दिले. मिरच्यांचा हंगाम संपल्यावर म्हणाली, "साहेब, आता बंद करा."

"आजी, निदान वर्षभर घ्यावा लागतो. करारातच आहे. तुम्ही वाचला असेल ना?"

"वाचलाय," माल्सुन म्हणाली. दुसरं काय म्हणणार? आपल्याच तोंडाने आपल्या गळ्यात दोर बांधून घेतला.

वर्ष सरलं. तिने पुन्हा सांगितलं. मा गिल्सू हळहळल्यासारखा चेहरा करून म्हणाला, "मुदत संपायच्या आधी कळवायला हवं होतं हो. नाही कळवलं की पुढचं वर्ष आपोआप चालू होतं. मागच्या बाजूला छापलंय बघा."

"तो पोरगा तर म्हणाला होता, एक शब्द टाका म्हणून."

"कुठला पोरगा? तो केव्हाच सोडून गेला. अगदी बंदच करायचा असेल तर पंखा परत द्या, फुकटच्या महिन्यांचे पैसे भरा, मग बघू."

आवळा देऊन कोहळा काढतात म्हणतात तो असा. माल्सुनने शाखेत फोन लावला. फोनवरची बाई म्हणाली, हे आमच्या हातात नाही, मुख्य कचेरीला विचारा. मुख्य कचेरीत बराच वेळ वाजंत्री ऐकवल्यावर एक मुलगी गोड आवाजात म्हणाली, "ग्राहक आजी, वितरण शाखा बघते. आपण शाखेशी संपर्क साधा."

"शाखेनंच तुमच्याकडं धाडलंय, बाळ."

"मग आपण त्यांना कराराची मागची बाजू वाचून दाखवा. त्यात सगळं स्पष्ट आहे."

माल्सुनने फोन ठेवला. करार कपाटात होता. तिने तो काढला, उलटा केला, आणि मुंग्यांच्या रांगांसारखी ती बारीक अक्षरं नुसती बघत बसली.

तिने पैसे द्यायचं बंद केलं, तरी पेपर येतच राहिला. आता रोज सकाळी दाराशी पडलेला तो पेपर बघितला की तिला वाटायचं, कोणी रात्रभर तिथं बसून तिची वाट बघत होतं.

शेजारच्या मिरानने एकदा तिला दाराशी पुटपुटताना ऐकलं. मिरान चाळिशीची, फटकळ, पण मनाने चांगली. "मावशी, तुम्ही अजून लिहून लावलं नाहीत? अहो, कागदावर लिहायचं, पेपरला सविनय नकार, आणि दाराला चिकटवायचा. सगळ्यांनी लावलंय."

माल्सुनने मान वळवून पाहिलं. खरंच की, एकाआड एक दारावर कागद होता. ते चर्चच्या प्रार्थनेचे असावेत असं ती आजवर समजत होती. 'तूच लिहून दे ना' हे ओठांवर आलं होतं, पण पट्टी आत कपाटात होती आणि हात मिरानच्या पुढ्यात धडधाकट उघडा.

"लिहीन," ती म्हणाली.

चर्चच्या तळघरात म्हाताऱ्या बायकांना लिहायला शिकवतात हे तिने बाजारात कधीतरी ऐकलं होतं. तेव्हा कानाआड केलं होतं. आता मिरानला "गुडघेदुखीवर वैद्याकडून सुया टोचून घ्यायला जाते" असं सांगून ती तिकडे निघाली. तळघराच्या पायऱ्यांवर दोनदा थांबली. आत शाळेतून निवृत्त झालेल्या कुम बाई होत्या आणि बाकांवर तिच्यासारख्याच बायका, कुरळ्या केसांच्या, वाकड्या बोटांच्या, खोडरबर शोधणाऱ्या. बाजारात कालवं फोडणारी बोंगिम त्यात दिसली तेव्हा माल्सुनला इतका धक्का बसला की ती नमस्कार करायलाच विसरली.

बोंगिम म्हणाली, "बघतेस काय? बस. मी शेजारी सांगून आलेय, गुडघ्याला सुया टोचायला जाते म्हणून."

पहिलं अक्षर विळ्याचंच निघालं. ते माल्सुनच्या हातून एका दमात उमटलं. पुढची मात्र सोपी नव्हती. पेन्सिल इतकी दाबून धरायची की कागद फाटायचा. घरी येऊन ती मासळीच्या खोक्यांवर गिरवायची. पानगळ झाली, थंडी पडली, तेव्हा कुठं अक्षराला अक्षर लागून तोंडातून आवाज निघायला लागला. बसमध्ये ती दुकानांच्या पाट्या ओठांतल्या ओठांत वाचायची आणि वाचता वाचता आपला थांबा मागे टाकायची.

एका दुपारी कुम बाई म्हणाल्या, "आज जिला जे लिहावंसं वाटतं ते सांगा. मी फळ्यावर लिहीन, तुम्ही उतरवा."

एकीने मेलेल्या नवऱ्याचं नाव सांगितलं. दुसरीने 'पोरा, वेळेवर जेव' असं सांगितलं.

"तुम्ही, माल्सुन ताई?"

"मला लिहायचंय, पेपर टाकू नका."

दोघीतिघी फिस्सकन हसल्या. बाईही हसू दाबत फळ्याकडे वळल्या. बोंगिम हसली नाही. तिने मान खाली घालून ते वाक्य आपल्याही वहीत उतरवून घेतलं.

माल्सुनने त्या संध्याकाळी पांढऱ्या कागदावर जाड पेनाने ते लिहिलं. एका अक्षराची रेघ जरा तिरपी गेली तर कागद टाकून दुसरा घेतला. कागद दाराला चारी बाजूंनी चिकटपट्टीने लावून झाल्यावर ती जिन्यात उभी राहून आपल्या दाराकडे बघत राहिली. आपण लिहिलेलं कोणीतरी वाचणार, ही गोष्ट तिच्या जन्मात पहिल्यांदाच घडणार होती.

सकाळी दार उघडलं तर पेपर त्या कागदाच्या बरोबर खाली.

तिला राग आला नाही, आधी लाज वाटली. आपणच काहीतरी चुकीचं लिहिलं असणार. तिने वही आणून एकेक अक्षर ताडून पाहिलं. सगळं जुळत होतं, तरी विश्वास बसेना. दुसऱ्या दिवशी पुन्हा पेपर आला. तेव्हा मिरान कचरा टाकायला बाहेर पडलेली बघून माल्सुन तिला म्हणाली, "अगं, इथं काय लिहिलंय बघ जरा. माझा चष्मा आत राहिला."

मिरान थांबली. "हे? पेपर टाकू नका."

"तसंच लिहिलंय?"

"तसंच. चांगलं ठसठशीत. आंधळ्यालाही दिसेल."

"मग टाकतात कसे?"

"मावशी, टाकणाऱ्याला वाचता येत नाही का? माझ्याही दारावर लावलंय. मलाही येतोच आहे." मिरानने स्वतःच्या उंबऱ्यावरचा पेपर पायाने बाजूला सारला. "ते बघतात आणि टाकतात."

ते बघतात आणि टाकतात. माल्सुन आत जाऊन खाली बसली. आता मात्र राग आला, आणि तो इतका स्वच्छ होता की तिला त्याची गंमत वाटली. आजवर कुठंही अडलं की ती स्वतःलाच बोल लावायची. मला येत नाही, मला कळत नाही, मीच अडाणी. आज तिचं अक्षर बरोबर होतं आणि चूक समोरच्याची होती.

दुपारी वर्गात तिने हे सांगितलं. सांगून झाल्यावर बोंगिम म्हणाली, "मलाही येतो."

"काय?"

"तोच पेपर. मलाही पंखा दिला त्या पोरानं. घरात वाचतं कोण विचारलं, मी म्हटलं मीच."

मागच्या बाकावरून आवाज आला, "मला घोंगडी दिली."

आणखी एकीने हात वर केला. कुम बाई खडू हातात धरून उभ्या राहिल्या. त्या पोराने कोणाची दारं वाजवली होती ते आता सगळ्यांनाच कळलं होतं. एकटी राहणारी, परक्याला गार चहा देणारी, आणि 'मला वाचता येत नाही' हे मेली तरी तोंडाने न म्हणणारी बाई. मग बोंगिमला हसू फुटलं आणि त्याबरोबर सगळ्याच हसायला लागल्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"मी येते तुमच्याबरोबर शाखेत," कुम बाई म्हणाल्या. "मी बोलते त्यांच्याशी."

"नको बाई," माल्सुन म्हणाली. "तुम्ही आलात तर तो तुमच्याशीच बोलेल."

तेव्हा त्या चौघी आपल्या आपणच गेल्या. माल्सुनने पंखा सोबत घेतला होता. बसमध्ये तो तिच्या शेजारी माणसासारखा उभा होता. शाखा म्हणजे बाजारामागच्या गल्लीतला एक गाळा, छपाईच्या शाईचा वास मारणारा. दाराशी मा गिल्सूची बायको योंगसुक जमिनीवर बसून पेपरांत जाहिरातीचे कागद सारत होती. चार म्हाताऱ्या आणि एक पंखा बघून तिचे हात थांबले.

"साहेब, पेपर बंद करायला आलोय," माल्सुन म्हणाली. "हा पंखा."

मा गिल्सू टेबलामागून उठला. "आजी, मी सांगितलं ना, करार असतो. तुम्ही वाचून शिक्का मारलाय. कायद्याने..."

"नाही वाचला."

"तुम्हीच म्हणालात, वाचला."

गल्लीतून एक भाजीवाला चालला होता, दारात योंगसुक होती, मागे तिघी उभ्या होत्या. हे वाक्य तिने नवऱ्यालासुद्धा कधी एवढ्या मोठ्याने सांगितलं नव्हतं.

"मला वाचता येत नव्हतं. तेव्हा येत नव्हतं. या तिघींनाही येत नव्हतं. तुमच्या माणसानं पेपर विकला तो आम्हाला. आता थोडं येतं, तर दारावर लिहून लावलं. ते तुम्ही वाचत नाही. मग आम्ही शिकून काय करायचं, सांगा."

योंगसुक बसल्या जागेवरून म्हणाली, "काढा त्यांची नावं."

"तुला काय जातंय काढा म्हणायला? आकडा कमी झाला की..."

"आकडा आकडा काय करताय? आज्यांना पेपर विकता आणि वर कायदा सांगता? काढा."

तो मटकन खुर्चीवर बसला. मग गाळ्याच्या मागच्या भिंतीकडे हात करून, कोणाला उद्देशून ते न कळता, म्हणाला, "ते बघा. ते गठ्ठे फोडलेलेच नाहीत. मुख्य कचेरीतून ठरलेला आकडा येतो. मला नको असले तरी येतात, आणि पैसे मी भरतो. तसेच्या तसे रद्दीवाल्याकडे जातात. मीही दर महिन्याला सांगतो, एवढे पाठवू नका. माझं कोण ऐकतंय?"

भिंतीला दोरीने करकचून बांधलेले गठ्ठे छपरापर्यंत रचले होते. माल्सुन त्यांच्याकडे बघत राहिली. या माणसाला तावातावाने बोलायचं असं ती रस्ताभर घोकत आली होती. आता तिला त्याचे ते पडलेले खांदे दिसले.

बोंगिम म्हणाली, "मग तुम्हीही दारावर लिहून लावा. आम्ही शिकवतो."

योंगसुक आधी हसली. मा गिल्सूलाही हसू आलं, पण ते फार दमलेलं होतं. त्याने चौघींची नावं खोडली. पंखा घेईना.

"ठेवा आजी, जुना झाला आता."

"नको. देणं-घेणं उरायला नको," माल्सुन म्हणाली आणि पंखा तिथंच ठेवून निघाली. कोणी पैशाचं बोललं नाही. बाहेर पडल्यावर चौघींनी बाजारात कालवं घातलेल्या शेवयांचं गरम सूप खाल्लं. कालवं नीट धुतली नाहीत म्हणून बोंगिमने दुकानवालीला दोन शब्द सुनावले.

गोष्ट लगेच काही मिटली नाही. दुसऱ्या दिवशी पेपर आला, तिसऱ्याही दिवशी आला. माल्सुनने शाखेत फोन केला, योंगसुकने उचलला, "पोचवणाऱ्याला पुन्हा सांगते, आजी," म्हणाली. त्यानंतर एका सकाळी दार उघडलं तर उंबरा मोकळा होता. माल्सुनने जिन्यात वाकून खालीवर पाहिलं, मग दाराचा कागद नखाने हळूहळू सोडवला. मिरानने तो मागितला. म्हणाली, "तुमचा लागू पडला, मावशी. माझ्या दाराला लावते."

"मीच लिहिलाय तो," माल्सुन म्हणाली. "गुडघ्याला सुया टोचायला जात नव्हते मी. लिहायला शिकायला जात होते."

मिरान तिच्याकडे बघत राहिली. मग तिने कागद दोन्ही हातांनी घेतला.

रविवारी मुलाचा फोन आला. काय चाललंय म्हणून त्याने विचारलं तेव्हा तिने सांगून टाकलं.

"अरे, ऐकतोयस ना?"

"ऐकतोय." तो म्हणाला. "मी लहान असतानाच बाबांनी मला बजावलं होतं. शाळेतला कुठलाही कागद आईपुढे धरायचा नाही, माझ्याकडे आणायचा."

"म्हणजे तुम्ही दोघं मिळून मला फसवत होतात."

"तूही आम्हाला फसवत होतीस."

"तेही खरंच," माल्सुन म्हणाली. मग दोघं हवापाण्याचं बोलले.

पुढच्या हिवाळ्यात देशभर पैशाची ओढाताण सुरू झाली आणि बाजारामागची ती शाखा बंद पडली. मा गिल्सू मालवाहू गाडीवर जातो असं कोणीतरी म्हणालं. योंगसुक बस-थांब्याजवळ पिंपात रताळी भाजून विकायला लागली. माल्सुन वर्गातून येताना तिच्याकडे थांबायची. पहिल्या दिवशी दोघींना अवघडल्यासारखं झालं, नंतर काही वाटेनासं झालं.

"अजून जाता शाळेत?" योंगसुकने निखारे हलवत विचारलं.

"जाते की. आता अक्षराच्या पोटाखाली दोन दोन अक्षरं येतात ना, ती चालू आहेत. फार छळतात बाई. लिहायची दोन आणि उच्चारायचं एकच."

"मलाही शाळेत ती कधी जमली नाहीत."

"खरं?"

"खरंच. अजून चुकतात."

माल्सुनला हे ऐकून फार बरं वाटलं. तिने एक रताळं जास्त घेतलं, आणि बस येईपर्यंत ती तिथंच पिंपाच्या उबेला उभी राहिली.